इंजिन कोणतं, गाव कोणतं, दिवस कोणता? मॉडेलसाठी जुने संदर्भ शोधताना आणि वाटताना

माझं पहिलं डाकोटा मी १/७२ स्केलमध्ये बांधलं. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ४०४ मिलिमीटर, खऱ्या विमानाच्या २९.११ मीटरला ७२ नं भागून येते तेवढीच. कॉकपिटच्या काचांमधल्या पट्ट्या सुईच्या टोकानं रंगवल्या होत्या. खाली काळ्या पुठ्ठ्याची धावपट्टी, सुतळीनं बांधलेल्या टपालाच्या थैल्या आणि पाटी: 'सोनेगाव, नागपूर. रात्रीची हवाई डाक, १९४९'. गणपतीत सोसायटीच्या मांडवात ते ठेवलं. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका वाकले, चष्मा वर सारून शेपटीपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "मस्त झालं. पण मला सांगा, ४९ साली इंडियन एअरलाइन्स होती कुठं?"

नव्हतीच. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई डाकेची सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतायची. तेव्हा ती खासगी कंपन्यांची विमानं होती. इंडियन एअरलाइन्स जन्मली १ ऑगस्ट १९५३ ला, अशाच खासगी कंपन्या एकत्र करून. मी मात्र कुठला तरी सुंदर रंगीत फोटो पाहिला आणि त्यावरून अंगभर रंग चढवला. फोटो खरा होता, पण माझ्या पाटीवरच्या वर्षाचा नव्हता.

शेवटी मी पाटीच बदलली, '१९४९' खोडून '१९५४' केलं. विमान पुन्हा रंगवण्यापेक्षा ते सोपं होतं. तेव्हापासून मी किटचा डबा उघडण्याआधी संदर्भाचं काम करते. ते कसं करते ते पुढे सांगते. उदाहरणं बहुतेक आपल्या नागपूरच्या छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेज रेल्वेची आहेत, कारण गेली काही वर्षं मी तिच्यातच अडकले आहे. पण विमान, किल्ला, तोफ, एस.टी. काहीही बांधत असाल तरी रीत हीच.

आधी एक ओळ लिहा

जाड कागदाचा एक तुकडा घ्या आणि त्यावर एकच ओळ लिहा: कोणती वस्तू, कुठे, केव्हा. 'नॅरोगेजची गाडी' एवढं पुरत नाही. 'इतवारी स्टेशन, नागभीडकडे निघालेली पॅसेंजर, १९८० च्या आसपासचा उन्हाळा' असं लिहा. हा कागद कामाच्या टेबलासमोर लावा. पुढे हाती येणारा प्रत्येक फोटो, प्रत्येक माप, प्रत्येक आठवण याच ओळीला विचारायची: तू या दिवशीची आहेस का?

यात एक फायदा लपलेला आहे. शोधाचं क्षेत्र एकदम लहान होतं. 'भारतीय रेल्वे' म्हणून शोधलं तर हजारो फोटो येतात आणि कामाचे चार निघतात. '१९८०, इतवारी' म्हटलं की फोटो थोडे येतात, पण कोणाच्या घरी जायचं ते कळतं.

त्याच कागदाच्या मागे स्केलचं गणित करून ठेवा. नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. १/८७ मध्ये ते ८.७६ मिलिमीटर होतं, म्हणून बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ बेमालूम चालतो. ब्रॉडगेजला मात्र गंमत होते. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, १/८७ मध्ये ते १९.२६ यायला हवं. दुकानात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेला आहे. एकटं ब्रॉडगेज ठेवलं तर डोळा माफ करतो. पण मोठी आणि छोटी लाईन शेजारी शेजारी मांडली की मोठी लाईन उपाशी दिसायला लागते. असा देखावा करायचा असेल तर ब्रॉडगेजचा रूळ स्वतः टाकायची तयारी ठेवा.

फोटोची तारीख फोटोतूनच काढा

बहुतेक जुन्या फोटोंवर तारीख नसते, आणि असली तर ती भरवशाची नसते. अल्बममधल्या '१९६५' मागे अनेकदा नातवाचा अंदाज असतो. त्यामुळे वर्ष ओळखायच्या खुणा स्वतः शिकाव्या लागतात.

रेल्वेत सगळ्यात कामाची खूण म्हणजे मालकाची आद्याक्षरं. नागपूरच्या छोट्या लाईनला एकामागून एक चार मालक मिळाले. आधी बंगाल नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर, जी १८८७ मध्ये स्थापन झाली. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली. १ ऑगस्ट १९५५ ला दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली. २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे आली, मुख्यालय बिलासपूरला. डब्यावर किंवा इंजिनाच्या टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, 'एसई' दिसलं तर फोटो ऑगस्ट १९५५ च्या आधीचा असूच शकत नाही.

इथे एक सावधगिरी. ही खूण एकाच बाजूनं पक्की असते. मालक बदलला म्हणून रातोरात डबे रंगवत नाहीत. डबा कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला जाईल तेव्हा नवी अक्षरं पडतात. म्हणजे 'एसई' दिसलं तर '१९५५ नंतर' हे नक्की, पण 'बीएनआर' दिसलं तर '१९५२ च्या आधी' हे नक्की नाही. अशा फोटोवर पेन्सिलनं 'बहुधा' लिहावं.

इंजिनाच्या वर्गाचं नावही बोलतं. 'झेडडीएम' मधला झेड म्हणजे अडीच फुटांचं गेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी आणि माल अशा दोन्ही कामांसाठी. ब्रॉडगेजला डब्ल्यू आणि मीटरगेजला वाय. एवढं पाठ असलं की धूसर फोटोत दोन अक्षरं वाचता आली तरी निम्मं काम होतं.

मग पार्श्वभूमी बघा. रुळाकडेचे दगड मैलाचे आहेत की किलोमीटरचे? आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि त्यापुढच्या काही वर्षांत मैल हळूहळू गेले. उभ्या स्कूटरवर 'एमएच ३१' असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. मोठ्या लाईनवरचा देखावा असेल तर नागपूर स्टेशनची आजची दगडी इमारत मागे दिसते का ते पाहा. तिचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ ला झालं. १९२० चा देखावा करून मागे ही इमारत उभी करणारे मी पाहिले आहेत. मी कोण हसणार, माझं डाकोटा अजून कपाटात आहे.

विमानवाल्यांसाठी गोल खुणेची, म्हणजे लष्करी विमानावर देश ओळखायला रंगवलेल्या गोलाची, गोष्ट थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात या भागातल्या विमानांच्या गोलातून लाल रंग काढून टाकला होता, जपानी लाल गोलाशी गफलत होऊ नये म्हणून. गडद निळा आणि फिका निळा तेवढा उरला. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ आपल्या वायुदलानं निळं अशोकचक्र वापरलं. केशरी-पांढरा-हिरवा गोल आला १९५० मध्ये. किटमधल्या डेकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या, पानावर बहुतेक शेवटचाच असतो. १९४८ चं काश्मीरमधलं विमान बांधत असाल तर ते डेकल बाजूला ठेवा.

कृष्णधवल फोटो रंगाबद्दल खोटं बोलतो

याला वेगळा मथळा दिला, कारण इथे सगळेच फसतात. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तिच्यावर लाल गोष्ट काळी पडते आणि निळी फिकी. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तेव्हा हा फरक बराच कमी झाला. म्हणून बीएनआरच्या काळातल्या इंजिनाची बफरची आडवी पट्टी फोटोत काळी दिसली की 'काळीच होती' असं म्हणू नका. फोटोतलं दुसरं काहीतरी शोधा ज्याचा रंग तुम्हाला पक्का ठाऊक आहे: हातातला लाल बावटा, कपाळावरचं कुंकू, निरभ्र आकाश. कुंकू काळंभोर आणि आकाश पांढरंफटक असेल तर ती फिल्म लाल पाहत नव्हती, आणि बफरची पट्टी लाल असू शकते.

संग्रहालयातला रंग हाही पुरावा नव्हे. संग्रहालयात ठेवलेलं इंजिन पावसाळ्याआधी जे ऑइलपेंट हाताशी असेल त्यानं रंगवलं जातं, आणि ज्यानं रंगवलं त्याला मुलांना आवडेल असं करायचं असतं. त्यात त्याची चूक नाही. तुम्ही दाराच्या बिजागरीमागे, पाटीच्या कडेखाली, आसनाच्या खालच्या बाजूला पाहा. तिथे जुने थर पापुद्र्यासारखे दिसतात. पाहायचं, फोटो काढायचा. नखानंही खरवडायचं नाही.

नागपुरात कुठे कुठे जायचं

कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं. तिथून सुरुवात करा. पहिल्या फेरीत फोटो काढूच नका. नुसतं फिरा आणि काय काय आहे त्याची यादी करा. इंजिनं आणि डबे सगळेच बघतात. तुम्ही कंदील, टोकनचं यंत्र, तिकिटांची कपाटं, पितळी पाट्या बघा. देखाव्यात जीव याच गोष्टींनी येतो. दुसऱ्या फेरीला मोजपट्टी न्या, आधी तिथल्या माणसांना सांगून.

इंजिनावरची कारखान्याची पाटी ही सगळ्यात मोठी किल्ली. तिच्यावर कारखान्याचं नाव, अनुक्रमांक आणि वर्ष असतं. बीएनआरची नॅरोगेजची 'सीसी' वर्गाची वाफेची इंजिनं ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीनं बांधली. ती कंपनी १९०३ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन झाली आणि १९६२ मध्ये बुडाली, पण तिची बरीच कागदपत्रं आणि फोटो ग्लासगोमध्ये जपलेले आहेत, विद्यापीठाच्या अभिलेखागारात आणि मिचेल लायब्ररीत. तिथे पत्र लिहिताना 'तुमच्याकडे भारतीय इंजिनांचे फोटो आहेत का' असं विचारलं तर नम्र नकार येतो. पाटीवरचा अनुक्रमांक दिला तर पलीकडच्या माणसाला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

पुराभिलेखागाराची शाखा नागपुरात आहे. मध्यप्रांताच्या राजधानीचा कागद इथे बराच राहिला. जाताना ओळखपत्र, अर्ज आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन पिशवीतच राहू द्या. तिथे गेल्यावर 'रेल्वे' एवढ्याच नावाखाली शोधू नका. बांधकाम खातं, भूसंपादन, दुष्काळी कामं, जंगल खातं, सगळीकडे रेल्वे सापडू शकते, कारण रुळांना जमीन लागते, स्लीपरला लाकूड लागतं आणि या सगळ्यावर कोणीतरी कोणाशी तरी पत्रानं भांडलेलं असतं. त्या भांडणांतच नकाशे जोडलेले असतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. तिथे इंग्रजांचं स्पेलिंग वापरून पाहा: नागपूरच्या शेवटी 'ओआरई', जबलपूरचं 'जुब्बलपोर', कामठीचं 'कॅम्पटी', नागभीडचं 'नागभीर'. आजच्या स्पेलिंगनं शोधून 'काहीच नाही' म्हणून परत आलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

विदर्भ संशोधन मंडळ आणि शहरातली जुनी वाचनालयं भोसलेकाळ, गोंड राजे, सीताबर्डीची १८१७ ची लढाई यांसाठी. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, हत्यारांचं दालन बघून घ्या. मूठ आणि पात्याचं प्रमाण पुस्तकातल्या चित्रांत बहुधा चुकलेलं असतं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. कॅमेरा चालेल का ते फाटकावरच विचारा आणि 'नाही' म्हटलं तर वाद घालू नका. तटाची उंची डोळ्यांनी मोजायची असेल तर शेजारी उभ्या माणसाच्या उंचीच्या तो किती पट आहे ते मोजायची सवय ठेवा.

नकाशा विसरू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रकात येतं. जुनं पत्रक एका मैलाला एक इंच, म्हणजे १/६३,३६० चं. साइडिंग, म्हणजे बाजूला जाणारा रूळ, कुठून फुटत होती, विहीर कुठे होती, स्टेशन गावापासून किती लांब होतं हे त्यात दिसतं. नागपूर-नागभीडची छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिच्यासाठी गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रंही कामाला येतात. तारखेची पट्टी मागे सरकवली की इतवारीचं यार्ड पुन्हा दिसायला लागतं.

आणि रद्दी. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, फुटपाथवर, इतवारीतल्या रद्दीवाल्यांकडे रेल्वेची वेळापत्रकं, नियमांच्या पुस्तिका, कर्मचारी संघटनांचे अंक अधूनमधून येतात. रद्दीवाल्याला तुमचा नंबर द्या आणि किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त द्यायची तयारी दाखवा. मला एका गार्डचं नियमांचं पुस्तक असंच मिळालं, कडेला त्याच्या हातच्या नोंदींसकट.

मोजमाप

पाच मीटरची पोलादी टेप, चौकटींची वही, एक व्हर्निअर कॅलिपर आणि एक मीटरची लाकडी पट्टी, दर दहा सेंटिमीटरला काळी-पांढरी रंगवलेली. ही पट्टी प्रत्येक फोटोत वस्तूला टेकवून ठेवा, दोन फूट पुढे नव्हे. पुढे ठेवलेली पट्टी मोठी दिसते आणि मग डबा लहान निघतो.

एक नियम मी ड्रॉइंग ऑफिसात शिकले: सगळी मापं एकाच टोकापासून घ्या. पहिल्या खिडकीची कड ६१०, दुसरीची १२२०, तिसरीची १८३०, अशी. खिडकी, मग खांब, मग खिडकी असं तुकड्यातुकड्यानं मोजलं तर प्रत्येक तुकड्यातली दोन मिलिमीटरची चूक साचत जाते आणि शेवटचं दार डब्याच्या बाहेर उघडतं. मोजून झाल्यावर पूर्ण लांबी एकदा वेगळी मोजा. बेरीज जुळली नाही तर तिथेच कळतं, घरी आल्यावर नाही.

फोटो काढताना मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. जवळून काढला की मधला भाग फुगतो आणि टोकं पळतात. होईल तितकं मागे सरका आणि झूम वापरा. बाजूचा, पुढचा, मागचा असे काटकोनातले फोटो आधी. कलात्मक कोन नंतर, वेळ उरला तर. सावलीत किंवा ढगाळ दिवशी गेलात तर रिव्हेट नीट दिसतात. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी लोखंडी इंजिनाला टेप लावायचं धाडस मी एकदाच केलं.

वस्तूच उरली नसेल आणि एकच फोटो असेल तर त्यातली ठाऊक असलेली गोष्ट पकडा. रुळांमधलं अंतर ७६२, इंग्रजकाळातली वीट चुन्यासकट लांबीला साधारण नऊ इंच, चाकाचा व्यास ड्रॉइंगमधून. फोटोवर ते अंतर किती मिलिमीटर येतं ते मोजा, गुणोत्तर काढा, बाकीची मापं त्याच पातळीवरच्या गोष्टींची घ्या. जोत्याच्या विटांवरून भिंतीची उंची काढता येते. पण पुढच्या रुळांवरून मागच्या भिंतीची काढायला जाल तर भिंत बुटकी निघेल.

माणसांना विचारायचं कसं

मी मोतीबागेत जमिनीवर बसून डब्याची पायरी मोजत होते. मागून आवाज आला, "काऊन ताई, डबा विकत घेऊन राहिल्या का?" ते फायरमन म्हणून लागलेले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झालेले. मी काय करते ते सांगितल्यावर म्हणाले, "मंग हे पायरी मोजून काय उपयोग? हे तर मागून लावली. आमच्या टायमाले अशी नव्हती." पुढचे दोन तास मी टेप गुंडाळून ठेवली.

त्या दुपारी आणि नंतरच्या अनेक दुपारी मला जे कळलं ते असं. 'इंजिनाचा रंग कोणता होता' हा प्रश्न वाया जातो. समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. 'कामावरून आल्यावर कपड्यांना काय लागलेलं असायचं', 'डबा कुठे ठेवायचे', 'पाणी कुठून प्यायचे', 'थंडीत कुठे बसायचे' असं विचारा. हातांना जे आठवतं ते सहसा खरं निघतं. कोळशाच्या ढिगावर गोणपाट टाकून बसायची जागा, दाराला सुतळीनं बांधलेला चहाचा डबा, हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसतं.

वर्षं मात्र विचारू नका. घटनांना बांधून विचारा: लग्नाच्या आधी की नंतर, बदली झाली त्याआधी का, आणीबाणीत का, मोठी मुलगी शाळेत जात होती का. घरी येऊन त्या घटनांची वर्षं लावा. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा. एकाला खोटं ठरवायची घाई मी पूर्वी करायचे. नंतर कळलं की दोघं वेगवेगळ्या शेडमध्ये होते आणि दोघंही बरोबर होते.

फोटोंचा छापील संच सोबत न्या, मोबाइलवर दाखवू नका. कागद हातात आला की बोट त्यावर फिरतं आणि बोटासोबत गोष्ट निघते. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर आधी विचारा. आणि घरातल्या काकूंशीही बोला. अल्बम बहुधा त्यांच्याच कपाटात असतो.

अल्बम घरी नेऊ नका

एक अल्बम माझ्या ओळखीच्यानं 'आठ दिवसांत देतो' म्हणून नेला आणि तो कधीच परतला नाही. त्या घरानं नंतर मलाही दार उघडलं नाही. तेव्हापासून मी लहान स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याच घरी बसते. छापील फोटो ६०० डीपीआयला, निगेटिव्ह २४०० किंवा जास्तला, टिफ फाइलमध्ये. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलची नोंद, फाटलेलं पोस्टाचं तिकीट, तारखेचा खरा पुरावा अनेकदा तिथेच असतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका; पानासकट वरून कॅमेऱ्यानं टिपा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. निघायच्या आधी सगळ्या फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून त्यांना द्या.

आता वाटायचं

नावात सगळं घाला: '१९७८बहुधा_इतवारी_गार्डडबा_घरगुतीअल्बम_०३'. 'आयएमजी ४४७१' नावाची फाइल तीन वर्षांनी तुम्हालाही ओळखू येत नाही. सोबत एक साधी नोंद ठेवा: फोटोत काय आहे, कुठे, केव्हा, कोणी काढला, कोणाकडे आहे, त्यांनी कशाची परवानगी दिली. प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक शब्द: 'लिहिलेलं', 'ऐकलेलं' किंवा 'अंदाज'. हे तीन शब्द मला कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी पडले. अंदाज एकदा नोंदीशिवाय पुढे गेला की चौथ्या माणसाकडे तो इतिहास होऊन पोहोचतो, आणि पाचवा माणूस तोच तुम्हाला पुरावा म्हणून दाखवतो.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो आणि आतली माहिती गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कडा कापू नका. तुम्हाला नको असलेला कोपरा दुसऱ्याला हवा असतो. माझ्या एका फोटोच्या कडेला अर्धा सिग्नल होता आणि गोंदियाच्या एका मुलाचं सगळं अडलं होतं त्या अर्ध्या सिग्नलपाशी. मधोमध स्वतःचं नाव छापू नका, खाली छापा. आणि एआयनं 'स्पष्ट' केलेला फोटो मूळ म्हणून कधीही देऊ नका. ते यंत्र धूसर जागी स्वतःच्या मनचे रिव्हेट भरतं, ते अगदी खरे दिसतात आणि लोक ते मोजतात.

परवानगीचं थोडक्यात. फोटो तुमच्या हातात आहे म्हणून तो तुमचा होत नाही. कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्कही काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. स्वतःच्या अभ्यासापुरता वापर ही एक गोष्ट, सगळ्यांना वाटणं ही दुसरी. घरच्यांना दोन प्रश्न विचारा: 'दुसऱ्यांना दाखवू का' आणि 'नाव लिहू का'. उत्तर नोंदीत लिहा. चालू यार्ड आणि लष्करी जागांचे स्वतः काढलेले फोटो परवानगी असल्याशिवाय पुढे पाठवू नका. रेल्वेकडे जुनं ड्रॉइंग मागायचं असेल तर आधी साधं पत्र द्या, नाही जमलं तर माहितीचा अधिकार आहेच, शुल्क १० रुपये. पण त्या अर्जात 'का' विचारू नका, 'अमुक ड्रॉइंग आहे का, त्याची प्रत मिळेल का' एवढंच.

शेवटचं म्हणजे दुरुस्तीची वही. मी वाटलेल्या प्रत्येक संचासोबत एक पान असतं आणि त्यात तारखेसकट चुका लिहिलेल्या असतात. पायरीच्या संचावर पहिली नोंद अशी आहे: 'ही पायरी नंतर लावलेली. सांगणारे: निवृत्त ड्रायव्हर, मोतीबाग. ऐकलेलं.' दुसरी नोंद गोंदियाच्या त्या मुलाची. त्यानं मला जुनी पायरी दिसणारा फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून, मागच्या बाजूसकट. मागे निळ्या शाईत एक तारीख आहे. 'ऐकलेलं' खोडून मी 'लिहिलेलं' केलं आणि डब्याची पायरी पुन्हा कापायला घेतली.